अटकेचं घड्याळ वेगळं, खटल्याचं वेगळं

वाचकाचं पत्र (नाव, गाव गाळून, थोडक्यात):

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गाळा भाड्याचा. भाडेवाढीवरून मालकाशी वाद सुरू होता. सोळा महिन्यांपूर्वी त्यांनी फिर्याद दिली, की मी मागच्या गोदामाचं कुलूप तोडून तांब्याची तार आणि दोन पंप नेले. शनिवारी संध्याकाळी पाचला मला दुकानातून उचललं. कागदावर अटक दाखवली रविवारी दुपारी १ वाजून १० मिनिटांनी. सोमवारी साडेअकराला कोर्टासमोर उभं केलं. दोन दिवस पोलीस कोठडी, सात दिवस न्यायालयीन कोठडी, मग जामीन. माझ्या दुकानातलीच १८ किलो तार चोरीची म्हणून पंचनाम्यात जप्त दाखवली, तिची बिलं माझ्याकडे आहेत. चोरीच्या दिवशी तर मी माल आणायला कोल्हापुरात होतो. तासवडे आणि किणी टोलनाक्यांची फास्टॅग नोंद आणि जीएसटी बिल मी तपासी अंमलदारांना दाखवलं, त्यांनी घेतलं नाही. सात आठवड्यांपूर्वी निर्दोष सुटलो. उलटतपासात त्यांनी कबूल केलं, की फास्टॅगचं मी सांगितलं होतं पण त्यांनी पडताळलं नाही. वकिलांना ९० हजार गेले, ऐन उन्हाळ्यात दुकान २३ दिवस बंद राहिलं. पोलिसांवर २५ लाखांचा दावा लावायचा आहे. वकील म्हणतात भिंतीवर डोकं आपटू नका, मेहुणा म्हणतो हायकोर्टात जा, बायको म्हणते पुन्हा त्रास देतील. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. आधी एक वाईट बातमी आणि एक घाईचं काम, मग बाकीचं.

वाईट बातमी अशी, की बेकायदा अटकेबद्दलचा तुमचा स्वतंत्र दिवाणी दावा मुदतबाह्य झाला आहे. तुमच्या मनात ही एकच हकिकत आहे: उचललं, कोंडलं, खटला चालवला, सुटलो. कायद्याच्या हिशेबात मात्र हे दोन अन्याय आहेत आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ७३ प्रमाणे बेकायदा कोंडून ठेवल्याचा दावा कोंडणं संपल्यापासून एक वर्षात लावावा लागतो. अनुच्छेद ७४ प्रमाणे द्वेषबुद्धीने चालवलेल्या खटल्याबद्दलचा दावा निर्दोष सुटल्यापासून, किंवा खटला अन्य रीतीने संपल्यापासून, एक वर्षात. ‘आधी सुटू, मग बघू’ असं म्हणत बहुतेक लोक पहिलं घड्याळ थांबलंय असं धरून चालतात. ते थांबत नाही. तुमचंही तसंच झालं. दुसरं घड्याळ सात आठवड्यांपूर्वी सुरू झालंय आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर संपू शकतं, त्याबद्दल पुढे.

घाईचं काम सीसीटीव्हीचं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सगळ्या ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण १८ महिने जपून ठेवायला सांगितलं. तुमच्या अटकेला १६ महिने झालेत. शनिवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत तुम्ही ठाण्यात बसलेले दिसत असाल, तर त्याहून मोठा पुरावा नाही, आणि तो पुसला जायला कायद्याच्या हिशेबाने दोनच महिने उरलेत. या आठवड्यात पोलीस अधीक्षकांना आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला पत्र द्या: अमुक तारखेच्या दुपारी ४ पासून सोमवारी १२ पर्यंतचं सर्व कॅमेऱ्यांचं चित्रण जतन करावं, ते दिवाणी दाव्यात आणि रिट अर्जात (थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जात) लागणार आहे. त्याच निकालाने नेमलेल्या जिल्हा देखरेख समितीत जिल्हाधिकारीही असतात, म्हणून एक प्रत त्यांना. पत्र आवक कक्षात देऊन पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पोहोचल्याची नोंद काढून ठेवा (रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय). ‘कॅमेरा त्या काळात बंद होता’ असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. तेही लेखी येऊ द्या, कामाला येतं.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज टाका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. सगळं एकात कोंबलं तर तेवढ्यावरूनच परत येतो. म्हणून तीन वेगळे अर्ज: एक त्या तीन दिवसांच्या स्टेशन डायरीच्या नोंदींसाठी, एक लॉकअप रजिस्टरसाठी, एक चित्रणासाठी. प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तपासाला बाधा येईल म्हणून माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ज) पुढे करतील. खटला संपलाय, बाधा यायला तपास उरलेला नाही, हे अर्जातच लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

आता दाव्याकडे. तुमच्या हातात खरा उरलाय तो खटल्याबद्दलचा दावा. अटकेचा स्वतंत्र दावा गेला म्हणून अटकेची हकिकत वाया जात नाही. खटल्यामुळे भोगलेली कोठडी हे त्या खटल्याचं नुकसानच आहे, आणि शनिवार लपवून रविवार दाखवणं हा पोलिसांच्या मनात काय होतं याचा पुरावा आहे. तशीही अटकेच्या दाव्याची लांबी पहिल्या रिमांडपर्यंतच असते. दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिली की तिथून पुढची कैद न्यायालयाच्या आदेशाने होते, पोलिसांच्या नाही. त्या पुढच्या नऊ दिवसांची भरपाई मागायची वाट खटल्याच्या दाव्यातूनच जाते.

मुदतीचं दुसरं टोक महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १६१ मध्ये आहे, आणि फौजदारी कामातच मुरलेल्या वकिलांकडूनही हे कलम कधी कधी नजरेआड होतं. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दलचा दावा त्या कृत्यापासून सहा महिन्यांत लावला नाही तर तो फेटाळावा, असं ते म्हणतं. वर दाव्याआधी त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस सक्तीची. मग तुमच्याबाबतीत वर्ष की सहा महिने? पंचनामा खोटा केला हे तर कर्तव्यच नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली ठरवलं, की पंचनामा करणं हे कर्तव्य असल्याने खोटा पंचनामाही कर्तव्याच्या नावाखालीच मोडतो आणि मुदतीचं संरक्षण लागू होतं. उलट १९६६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं, की कबुलीसाठी मारहाण करणं, कोंडून ठेवणं याचा कर्तव्याशी संबंध नाही, तिथे हे संरक्षण नाही. तुमच्या हकिकतीत दोन्ही प्रकार मिसळलेत. सरकारी वकील सहा महिन्यांचा मुद्दा पहिल्याच तारखेला काढणार. तो वाद जिंकण्याच्या भरवशावर बसू नका. सुटका झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा, म्हणजे निदान सुटकेपासून मुदत मोजताना वाद उरत नाही. दोषारोपपत्राच्या तारखेपासून मोजावी असं ते म्हणतीलच. त्यावर उत्तर हे, की या दाव्याचं कारणच सुटकेशिवाय पूर्ण होत नाही, आदल्या दिवशी लावला असता तर तो अकाली म्हणून फेटाळला गेला असता.

यात नोटिशीची मुदत बसवायची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे शासनावर आणि शासकीय अधिकाऱ्यावर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि दोन महिने मोजायचे ते नोटीस पोहोचल्यापासून. एकच नोटीस दोन्ही कलमांचा उल्लेख करून द्या: एक महिना दोन महिन्यांत आपोआप बसतो. शासनासाठी ती गृह विभागाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, दोघांनाही दिली तर उत्तम. अधिकाऱ्यांना प्रत्येकाला स्वतंत्र, त्यांच्या आजच्या नेमणुकीच्या ठिकाणी. सोळा महिन्यांत बदल्या झाल्या असतील, जुन्या ठाण्यात टाकलेली नोटीस परत येते आणि महिना वाया जातो. नोटिशीत तुमचं पूर्ण नाव, पत्ता, काय घडलं, कधी, कोणी, काय मागता हे सगळं असावं. कलम ८० मध्ये किरकोळ चूक खपते, १६१ ची भाषा कडक आहे: नोटीस नाही तर दावा फेटाळला जाईल. दाव्यातही नोटीस कोणत्या तारखेला बजावली आणि त्यांनी भरपाई देऊ केली का, हे परिच्छेद घालावे लागतात.

हिशेब मांडू. सव्वीस आठवड्यांपैकी सात गेले. नोटीस येत्या दहा दिवसांत गेली तर दोन महिने संपायला अठरावा आठवडा उजाडेल. विसाव्या आठवड्यात दावा दाखल. खटल्यातल्या कागदांच्या नकला मिळायला उशीर होतोय म्हणून वाट पाहू नका. नकलेसाठी गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, दाव्याच्या नाही. नोटिशीचा काळ मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे वगळून मिळतो खरा, पण तो अडीअडचणीला ठेवा.

प्रतिवादी कोण? महाराष्ट्र शासन हवंच. अधिकाऱ्यावर सरकारी कामाबद्दल नुकसानीचा दावा असेल तर शासनाला पक्षकार करावंच लागतं. तपासी अंमलदार व्यक्तिशः आणि अधिकारी म्हणूनही. द्वेष हा माणसाच्या मनात असतो, शासनाच्या नाही, त्यामुळे माणूस नावानिशी समोर नसेल तर द्वेष सिद्ध करायचा कोणाचा? प्रभारी निरीक्षकाचं नाव तेव्हाच घाला जेव्हा त्याने काय केलं हे एका वाक्यात सांगता येईल. सगळ्या ठाण्याला ओढलं की दावा सैल पडतो. अधीक्षकांना व्यक्तिशः ओढण्यासारखं तुमच्या पत्रात काहीच नाही.

आणि गाळामालक. त्यांना विसरलात तर अर्धा दावा सोडला. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पोलिसांची दिशाभूल करणारा फिर्यादी हाच खरा खटला चालवणारा, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) १९०८ च्या निकालापासून आपल्याकडे रुजलंय. त्यांना ना कलम ८० लागू, ना १६१. त्यांच्याविरुद्ध सुटकेपासून एक वर्ष निर्विवाद आहे. भाडेवाढीच्या नोटिसा, गाळा रिकामा करायचे निरोप, व्हॉट्सअ‍ॅप संदेश यांत हेतू शोधा, आणि भाड्याच्या पावत्या सगळ्या जमवा. तुम्ही भाडं थकवलं होतं का, हा तुमच्या उलटतपासातला पहिला प्रश्न असेल.

खरं तर निकालाच्याच दिवशी एक अर्ज करायला हवा होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २७३ प्रमाणे वाजवी कारणाशिवाय आरोप केला असं दिसलं, तर दंडाधिकारी सुटकेच्या आदेशातच फिर्यादीला भरपाई का देऊ नये असं विचारू शकतात. आता ती वेळ गेली. कलम ३९९ मध्येही विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई आहे, जास्तीत जास्त १,००० रुपये. एवढ्यात तुमची एक किलो तारही धड येत नाही.

आता सिद्ध काय करायचं. चार गोष्टी, नुकसान धरून पाच: खटला प्रतिवादींनी चालवला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी आणि संभाव्य कारण नव्हतं, आणि त्यामागे द्वेष होता. पहिल्या दोन कागदावर मिळतात. दावे हरतात ते तिसऱ्या-चौथ्यावर, आणि सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं. ‘मी निर्दोष सुटलो’ एवढ्याने काहीच होत नाही. फौजदारी निकाल दिवाणी कोर्टात एवढंच सांगतो की तुम्ही सुटलात. त्यातली कारणं, ताशेरे दिवाणी न्यायाधीशांवर बंधनकारक नाहीत. निकालात ‘संशयाचा फायदा देऊन’ हे शब्द असतील तर समोरचे वकील तेच अधोरेखित करून आणणार. समोर फिर्याद होती, साक्षीदारांचे जबाब होते, दंडाधिकाऱ्यांनी आरोपही निश्चित केला होता, मग कारण नव्हतं कसं, हा त्यांचा ठरलेला बचाव. तुमच्या वकिलांना भिंत दिसते ती ही. चूक झाली, तपास आळशीपणे झाला, यावर भरपाई मिळत नाही. खोटं आहे हे ठाऊक असताना, किंवा ठाऊक व्हायची दारं मुद्दाम बंद करून खटला चालवला, हे दाखवावं लागतं.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य उलटतपासाचं आहे. तपासी अंमलदार दिवाणी दाव्यात प्रतिवादी असतील, त्यामुळे त्यांनी शपथेवर दिलेली कबुली त्यांच्याविरुद्ध वापरता येते. त्या साक्षीची प्रमाणित नक्कल आजच मागा. सोबत निकाल, फिर्याद, दोषारोपपत्र संपूर्ण, रिमांडचे अर्ज आणि त्यांवरचे आदेश, जामिनाचा आदेश, जप्ती पंचनामा, पंचांच्या साक्षी, खटल्याचा रोजनामा. रिमांड अर्जांत पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हे ओळ ओळ वाचा. फास्टॅगचा उल्लेख कुठेच नसेल तर ‘आरोप निश्चित झाला होता’ या बचावाला तेच उत्तर: न्यायालयापासून लपवलं होतं. पंचांची नावं त्या ठाण्याच्या इतर खटल्यांत पुन्हा पुन्हा येतात का, तेही पाहा. ठाण्याचे ठरलेले पंच असतात हे कोर्टात कोणाला नवीन नाही.

फास्टॅगची नोंद बँकेकडून पुन्हा काढा, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य (नोंदीत फेरफार झालेला नाही हे दाखवणारा आकडा) आणि तज्ज्ञाने भरायचा भाग असतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ ब प्रमाणपत्रापेक्षा हे जरा किचकट आहे. गाडी टोल ओलांडून गेली म्हणजे गाडीत तुम्ही होतात असं नाही, हा प्रश्न येईल, म्हणून कोल्हापूरच्या दुकानदाराची साक्ष, बिल आणि त्या दिवशीचं तुमचं यूपीआय देणं एकत्र लावा. तारेच्या खरेदीची बिलं पंचनाम्यातल्या वर्णनाशी, गेज आणि वजनाशी जुळवून तक्ता करा. १८ किलो जप्त दाखवली आणि बिलं ४० किलोची असतील तर उरलेली कुठे वापरली, कोणाच्या मोटारी भरल्या, हे वहीतून दाखवता आलं पाहिजे.

रक्कम. २५ लाख लिहायचे तर २५ लाखांवर कोर्ट फी भरावी लागते, आणि निकाल २ लाखांचा लागला तर जास्तीची फी बुडाली. आमच्या मते आधी कागदावर सिद्ध होणारी बेरीज करा. वकिलांचे ९० हजार रोख दिले असतील तर पावती आज घ्या. दुकान बंद राहिलं त्या महिन्याचं जीएसटी विवरणपत्र मागच्या दोन वर्षांच्या त्याच महिन्यांशेजारी ठेवा. शेतीपंपांचा हंगाम म्हणजे तुमचं वर्षाचं पोट, ते आकड्यात दिसलं पाहिजे. परत गेलेली कामं ग्राहकांच्या पत्रांसह. वर्तमानपत्रात बातमी आली असेल तर कात्रण. मग मानहानी, मनस्ताप आणि स्वातंत्र्य गेल्याची रक्कम. नऊ-दहा दिवसांच्या कोठडीला दोन-चार लाख, एवढ्यावर पाय ठेवा. ८ ते १० लाखांत बसणारा, प्रत्येक ओळीला कागद असलेला दावा २५ लाखांच्या गोल आकड्यापेक्षा न्यायाधीशांना गंभीर वाटतो. फी अजिबात झेपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावायची सोय आहे, आणि वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. शासन प्रतिवादी असल्याने दावा कनिष्ठ स्तराच्या कोर्टात लावू नका, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे लावा.

मेहुण्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. अटकेचा दिवाणी दावा मुदतीत बुडाला तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. त्याला वर्षाची मुदत नाही, उशिराचं पटेल असं कारण मात्र द्यावं लागतं, आणि खटला चालू होता हे कारण दर महिन्यागणिक कमकुवत होतं. साताऱ्यासाठी आता मुंबईला जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे. रिटमध्ये शासनाचा सार्वभौम अधिकाराचा बचाव (राज्यसत्ता म्हणून केलेल्या कामाबद्दल शासन भरपाई देणं लागत नाही, हा) चालत नाही, जो दिवाणी दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या कस्तुरीलाल निकालाच्या आधाराने हमखास काढतात. पण रिटमध्ये साक्षीपुरावा होत नाही, वस्तुस्थितीवर वाद असला की ‘दिवाणी कोर्टात जा’ म्हणून परत पाठवतात. त्यामुळे रिटचा मुद्दा एकच आणि कागदावर दिसणारा ठेवा: अटकेपासून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं नाही.

शनिवारी ५ ते सोमवारी साडेअकरा म्हणजे साडेबेचाळीस तास. कागदावर रविवार १.१० पासून मोजले तर बावीस तास वीस मिनिटं, म्हणजे बरोबर मुदतीत, आणि ती वेळ तशी बसवलेली आहे हे उघड आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलंय, की माणसाची हालचाल रोखली तेव्हापासून अटक, नोंदवहीत लिहिली तेव्हापासून नव्हे. रविवारची सुट्टी हे कारण नाही, सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी दंडाधिकारी असतात. तेव्हा शनिवारची संध्याकाळ सिद्ध करा: शेजारच्या दुकानाचा कॅमेरा, तुमचा फोन कधी बंद झाला, बायकोने त्या रात्री कोणाकोणाला फोन केले, ११२ ला केला होता का, ठाण्यात डबा कोणी नेला. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी किंवा अटकेची गरज लेखी नोंदवावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्णेश कुमार निकालापासून, म्हणजे २०१४ पासून बंधनकारक आहे. दोषारोपपत्रात ती कारणांची यादी आहे का पाहा. बऱ्याचदा छापील नमुन्यावर सगळ्याच रकान्यांत टिक केलेली असते.

रिटमधून मिळणाऱ्या रकमांबद्दल भ्रम नको. १९८३ मध्ये निर्दोष ठरल्यावरही १४ वर्षं तुरुंगात सडलेल्या रुदुल शाह यांना एकूण ३५ हजार मिळाले, १९८५ मध्ये आमदार भीमसिंग यांना ५० हजार. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायची तयारी असतानाही कोठडीत टाकलेल्या एका संगीतशिक्षकाला २ लाख दिले. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचे ५० लाख सगळ्यांना आठवतात, पण ते १९९४ च्या अटकेबद्दल २०१८ मध्ये मिळाले. तुमच्या प्रकरणाची जवळची मापपट्टी संगीतशिक्षकाची आहे.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावं लागतं, अटकेपुरता तो रस्ता बंद झालाय. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे रीत सोडून केलेल्या अटकेची तक्रार करता येते. तिथे भरपाईची आशा धरू नका, पण चौकशीत ठाण्याला दप्तर हजर करावं लागतं, म्हणून अर्ज जरूर द्या. पोलिसांवर फौजदारी खटल्याचा विचार सध्या बाजूला ठेवा: शासनाची मंजुरी, कलम १६१ मधली मुदत, आणि तुमची सगळी शक्ती त्यात जाईल. दिवाणी दाव्याला मंजुरी लागत नाही.

सरकार पक्षाने सुटकेविरुद्ध अपील केलंय का, हे नोटीस पाठवण्याआधी कोर्टात विचारून घ्या. केलं असेल तरी नोटीस थांबवू नका, वकिलांना दाव्यात तसा परिच्छेद घालायला सांगा.

बायकोची भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. नोटीस पोहोचल्यावर बहुधा आधी कोणीतरी ओळखीचा माणूस चहाला बोलावेल. जाऊ नका, जे असेल ते लेखी द्या म्हणावं. देऊ केलेली भरपाई लेखी आली तर वकिलांसह विचार करा, ती नाकारली तर दाव्यात नमूद करावी लागतेच. अधीक्षक कार्यालयातून चौकशीसाठी जबाब द्यायला बोलावतील, तिथे जा, पण घरून टंकलिखित निवेदन नेऊन त्यावर पोच घ्या. त्यांनी लिहिलेल्या जबाबाखाली, विशेषतः शेवटी ‘माझी आता काही तक्रार नाही’ असं असेल तर, सही करू नका. चौकशीला बोलावणं आलं तर ते लेखी नोटिशीनेच यावं असा आग्रह धरा आणि वकिलाला सोबत न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या अधिकाऱ्याबद्दल एक शब्दही टाकू नका, तो पहिला उलट दावा ठरेल. दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून चालू ठेवा आणि चित्रण दुकानाबाहेर, क्लाउडवर साठवा. गाळ्याचं भाडं यापुढे रोख देऊ नका, बँकेतूनच द्या, म्हणजे मालकाला नवीन फिर्यादीला निमित्त उरणार नाही.